रक्त नाही, सूज नाही

पडेगावातल्या त्या गल्लीत पोराला लागलं की थेट दवाखान्यात कोणी जात नसे. दवाखान्यात जायचं की नाही, हे विचारायला आधी मनकर्णाबाईंकडे जात. डॉक्टरचं काम औषध देण्याचं; 'यायचं का' असं त्यालाच विचारलं तर तो 'या' म्हणणार, हा गल्लीचा साधा व्यवहार होता. मनकर्णाबाईंना 'जा' म्हणण्यात काही मिळत नव्हतं आणि 'नको' म्हणण्यात काही वाचत नव्हतं. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते वजन त्यांनी मागितलेलं नव्हतं आणि अठरा वर्षांत ते गुंजभरही कमी झालं नाही, ही त्यांची तक्रार होती. पण तक्रार करायला कोणी नव्हतं, कारण गल्लीतल्या तक्रारी ऐकण्याचं कामही त्यांच्याकडेच आलेलं होतं.

मनकर्णाबाई तीस वर्षं घाटीत होत्या. घाटी म्हणजे सरकारी मोठा दवाखाना. त्याला लांबलचक पूर्ण नाव आहे, पण ते केसपेपरवर छापलेलं असतं आणि तिथंच राहतं. सकाळी सातला निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या निघत, संध्याकाळी परत येत, आणि येताना अंगाला फिनेलचा वास असे. नोकरीला लागताना कारकुनाने जन्मतारीख विचारली, तेव्हा त्यांनी 'पोलीस ॲक्शनच्या साली लगीन झालं, तवा सोळाची आसंन' एवढंच सांगितलं. त्याने अठ्ठेचाळीस सालावरून हिशेब करून एक जून लिहिलं. सरकारने त्यांच्याविषयी केलेली ही पहिली नोंद अंदाजाने होती. गल्लीनेही तसंच केलं. पांढरी साडी आणि फिनेल एवढ्या पुराव्यावर गल्लीने ठरवून टाकलं की बाई ड्रेसिंगला आहेत.

बाई लाँड्रीत होत्या.

रोज सकाळी वॉर्डावॉर्डांतून कपड्यांची गाठोडी गाड्यावर येत. ती फरशीवर सोडायची, चादरी मोजायच्या, मळक्या वेगळ्या, ओल्या वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या. रक्ताच्या गार पाण्याच्या हौदात. गरम पाणी लागलं की डाग पक्का होतो, मग तो चादरीबरोबरच मरतो. तीस वर्षांत किती चादरी हातांखालून गेल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. जखम मात्र त्यांनी एकही पाहिली नाही. जखमांनी मागे ठेवलेलं सगळं पाहिलं.

त्यातून काही गोष्टी आपोआप कळत गेल्या. वाहून थांबलेल्या रक्ताची कड काळी आणि घट्ट असते. वाहतच राहिलेल्याची कड पसरत जाते. पू धरलेल्या जखमेचा डाग पिवळा दिसण्याआधी वासाला कळतो. डोक्याच्या रुग्णांकडून कधी एखादी उशीची खोळ येई, तिच्यावर लाल डागाभोवती डोक्यातल्या पाण्याचं फिकट कडं असे. तसली खोळ आली की त्या दिवशी मनकर्णाबाई अर्धी भाकरी डब्यात परत आणत. हे ज्ञान कोणी शिकवलं नव्हतं, त्याची परीक्षा नव्हती आणि त्यावर बढतीही नव्हती.

गल्लीत त्या राहायला आल्या त्या वर्षाची गोष्ट. कामावरून येऊन चप्पल काढतात न काढतात तोच शेजारच्या सरूबाईंनी आपला मुलगा सांडू त्यांच्यापुढे आणून उभा केला. कौल लागून त्याचं कपाळ फुटलं होतं. मनकर्णाबाईंची अडचण अशी, की उघडी जखम बघितली की त्यांना भोवळ येते. त्यांनी मान फिरवली आणि तोंडाला आलं ते बोलल्या, "आधी कपडा दाखव."

सरूबाईंनी कपाळावर दाबलेला धोतराचा तुकडा दिला. मनकर्णाबाईंनी तो उजेडात धरला, कड बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, "थांबलंय. गार पाण्यानं धू, बांध. काय नाय होत." तिसऱ्या दिवशी सांडू परत कौलांवर होता.

जखमेकडे न बघता निकाल देणारी बाई, ही बातमी गल्लीत पसरायला त्या तीन दिवसांचीही गरज पडली नाही. नुसतं ड्रेसिंग करणाऱ्या बाया पुष्कळ. ही त्यांच्याही वरची असणार. खरं काय ते सांगायला हवं होतं, तर तेव्हाच. पण कोणी विचारलं नाही, आणि न विचारता 'मी मळक्या चादरी मोजते' असं दारोदार जाऊन कोण सांगतं? पुढे काकासाहेबाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, सोयरिकीच्या वेळी त्याने स्वतःच पाहुण्यांना सांगितलं, "आई दवाखान्यात ड्रेसिंगला हाये." मनकर्णाबाई तेव्हा चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी ते आत नेऊन ठेवले. त्यानंतर बोलायची सोयच उरली नाही.

हळूहळू गल्लीने त्यांच्या पद्धतीला स्वतःला बेतून घेतलं. सुती कापड रक्त पितं, टेरिकॉट पीत नाही, टेरिकॉट दाबून आणलं की मनकर्णाबाई चिडत, "ह्यात काय कळणार मला?" म्हणून घरोघर एक जुना पांढरा सुती तुकडा धुऊन घडी घालून ठेवलेला असे. हळद लावायची आपली जुनी खोड, तीही गेली, कारण हळदीने डाग वाचता येत नाही. डॉक्टरांनी हे ऐकलं असतं तर आनंदाने उठून उभे राहिले असते आणि कारण ऐकून परत खाली बसले असते. कधी कधी तर नुसता कपडाच यायचा. पोरगं घरी खेळत असायचं.

निकाल देऊन झाला की ज्याला लागलं त्याचं दुखणं संपे आणि मनकर्णाबाईंचं सुरू होई. 'काय नाय होत' असं ज्याला म्हटलं ते पोरगं दोन दिवस त्यांच्या दारावरून कितीदा गेलं, पळत गेलं की चालत, हे त्या बघत बसत. दिसलं नाही तर मीठ मागायचं निमित्त काढून त्याच्या घरी जात. गल्लीला वाटे, बाई मोठ्या मायाळू. त्यांना फक्त धड जेवायचं असे.

एकदाच चुकलं. भागूबाईंची पोरगी लिंबावरून पडली होती. रक्त नव्हतं, त्यामुळे कपडा नव्हता. मनकर्णाबाई त्या दिवशी डबल ड्युटी करून आल्या होत्या. त्यांनी लांबूनच विचारलं, "रक्त आलंय का? नाय ना? मग काय नाय." सहा आठवड्यांनी कळलं की घोट्याला चीर होती, तोवर ती वाकडीच जुळली होती. भागूबाईंनी दोष दिला नशिबाला आणि थोडासा लिंबाला. त्या मुलीचं आता लग्न झालंय. माहेरी येते तेव्हा ओट्यावरून उतरताना ती एक पाय जपून टाकते. गल्लीत हे फक्त मनकर्णाबाईंना दिसतं.

निवृत्त झाल्यावर हे थांबेल असं त्यांना वाटलं होतं. दवाखाना सुटला की दवाखान्यातलं शहाणपणही सुटेल, असा त्यांचा समज होता. झालं उलटंच. पूर्वी त्या संध्याकाळी सापडत, आता दिवसभर सापडू लागल्या. काकासाहेब वाळूजला कंपनीजवळ राहायला गेला होता. "चल माझ्याकडं," म्हणायचा. पण त्याच्या दोन खोल्यांत पाच माणसं होती आणि त्याचं म्हणणंही दोन खोल्यांएवढंच होतं.

शहाण्णव सालच्या एप्रिलमधली दुपार. ऊन असं, की कुत्र्यांनीसुद्धा गटाराच्या कडेला सावलीच्या रांगा लावल्या होत्या. मनकर्णाबाई नुकत्याच आडव्या झाल्या होत्या, तर समोरच्या हसीनाबी दारात. कडेवर तीन वर्षांची नात नाझो, मागे नाझोची आई रईसा. रईसाचा नवरा वहाब ट्रकवर होता आणि ट्रक सोलापूरकडे कुठेतरी.

"सोयले का मनकर्णाबाई?" हसीनाबींनी आत येऊन बसल्यावर विचारलं.

"नाय. आता कुठली झोप."

"जरा नाझोला देखा. पडली म्हणते रईसा. बाहेर रस्त्यात. तवापासून हात उचलीना."

"कपडा?" मनकर्णाबाईंनी सवयीने हात पुढे केला.

"कपडा कशाचा? रक्तच नै."

मनकर्णाबाईंचा हात तसाच पुढे राहिला, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. त्या उठून बसल्या. नाझो आजीच्या मांडीवर होती. रडून झालं होतं. गालांवर धुळीत दोन ओघळ सुकले होते. खिडकीत मांजर आलं तशी ती हसली. डावा हात मात्र अंगाला चिकटवून, थोडा दुमडून, तळवा खाली करून तिने असा ठेवला होता, की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि हिने फक्त सांभाळायला घेतलाय.

"बोट हलव गं," मनकर्णाबाई म्हणाल्या. बोटं हलली. त्यांनी डब्यातून बिस्कीट काढून डाव्या बाजूने पुढे केलं. नाझोने उजवा हात ओलांडून आणून ते घेतलं. मनकर्णाबाईंनी दुसरं बिस्कीट काढलं. उजव्या हातात पहिलं होतं. नाझोने दोन्हींकडे बघितलं, मग पहिलं मांडीवर टाकलं आणि दुसरंही उजव्यानेच घेतलं.

तीन वर्षांचं पोरगं हातातलं बिस्कीट खाली टाकतं, यात काहीतरी होतं. काय होतं, ते मनकर्णाबाईंना कळेना. कापडावर यातलं काहीच उमटलेलं नव्हतं.

"काय नै ना?" हसीनाबी म्हणाल्या. "मी म्हणाली हिला, नस चढली. तीळतेल गरम करून ठेवलंय. चोळते. नैच उतरलं तर उद्या बिडकीनला नेऊ, तिथं तो हाड बसवणारा हाय. त्याच्या हाताला गुण हाय."

"चोळू नका."

"का?"

का ते मनकर्णाबाईंना सांगता येईना. डोळ्यांपुढे ओट्यावरून उतरणारा एक जपून टाकलेला पाय होता, पण तो हसीनाबींना कुठून दिसावा? "घाटीत न्या," त्या म्हणाल्या.

हसीनाबींनी सुनेकडे बघितलं, मग मनकर्णाबाईंकडे. "रक्त नै, सूज नै, पोरगी बिस्कीट खाऊ राहिली. आन् घाटीत? गेल्या साली सरूबाईच्या नातवाचं गुडघ्याचं पार मास दिसत होतं, तवा तुम्ही म्हणल्या, बांधा आन् झोपा. वय झालं वाटतं तुमचं."

"झालं," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

"मौसी," रईसा पहिल्यांदाच बोलली. आवाज बारीक होता. "मी नेते. पण तुम्ही चला ना. मला तिथलं काय समजत नाय. अम्मीला ऊन लागतं."

"मला कुठं ऊन लागत नाय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतात माझे. जा की नूरमोहम्मदच्या रिक्षानं. तो दारात सोडतो."

निवृत्तीनंतर त्या घाटीत गेल्या नव्हत्या. नोकरीत असतानाही गल्लीतलं कोणी दवाखान्यात आलं, तर त्या दिवशी मागच्या दाराने जात. गल्लीच्या समजुतीतल्या मनकर्णाबाई आणि घाटीतल्या मनकर्णाबाई या दोघी कधी एका ठिकाणी भेटू नयेत, एवढी एक व्यवस्था त्यांनी अठरा वर्षं नीट चालवली होती. लाँड्रीही त्यांनी इतकी नीट चालवली नव्हती.

"तुम्ही नसाल तर मी पण नाय जात," रईसा म्हणाली. "अम्मी म्हणते तसं तेल लावू."

हे तिने हट्टाने म्हटलं नाही. थकून म्हटलं, जसं मनकर्णाबाई स्वतः बऱ्याच गोष्टी म्हणत. हसीनाबी उठल्याच होत्या, तेल निवलं असतं म्हणून. नाझोने बिस्किटाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि रिकामा उजवा हात पुढे केला.

मनकर्णाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली.

छावणी, मिल कॉर्नर, भडकल दरवाजा. नूरमोहम्मदची रिक्षा खड्ड्यात गेली की नाझो कण्हत होती, आणि ती कण्हली की रईसा रिक्षाबाहेर बघत होती. मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता. उन्हासाठी असेल, असं कोणालाही वाटावं.

केसपेपर निघाला. रांगेत बसायला बाकावर जागा मिळाली. मनकर्णाबाई भिंतीच्या बाजूला तोंड करून बसल्या. पण दवाखान्यात चाकांचे आवाज असतात आणि एका गाड्याचा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता, कारण त्याचं पुढचं डावं चाक वीस वर्षं कुरकुरत होतं. तो आवाज मागून आला आणि पाठीशी थांबला.

"मनकर्णाबाई?"

फकिरा होता. केस पांढरे झाले होते, गाडा तोच.

"आरं वा. चार वर्षांनी रस्ता सापडला व्हय," फकिरा म्हणाला. त्याला हळू बोलता येत नसे. बॉयलरशेजारी काम केलेल्या कोणालाच येत नाही. "लाँड्रीत रोज नाव निघतं तुमचं. रक्ताची चादर एका नजरेत काढायची मनकर्णाबाईनं, बाकी कुणाचं काम न्हवं. नव्या बाईला म्हणलं मी, तीस वर्षं हौदावर काढ, मग बोल."

"बरा हायेस ना फकिरा?"

"गाडा ढकलतो तवर बराच." त्याने नाझोकडे बघितलं. "नात का?"

"शेजारची."

"बरं. येऊन जा तिकडं. चहा पिऊन जा." गाडा कुरकुरत निघाला आणि वळणावर दिसेनासा झाला.

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. आता तो कपाळापर्यंत ओढायचं कारण उरलं नव्हतं, तर त्यांनी तो मागे सारला. गरम होत होतं.

डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने नाझोच्या हाताकडे बघितलं आणि हात न लावता विचारलं, "काय झालं हिला?"

"पडली," रईसा म्हणाली.

"कशी पडली? हातावर?"

"पडली," रईसा परत म्हणाली.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हे बघा ताई. पडली असेल तर मला आधी एक्स-रे काढावा लागेल, हाड मोडलंय का ते बघायला. लहान मूल आहे, हात धरून कोणी ओढलं असेल तर कोपर जागेवरून जरासं सरकतं. मग एक्स-रे नको, मी आत्ता बसवून देतो, एक मिनिटाचं काम आहे. पण मोडलं असेल आणि मी ओढलं, तर वाईट होईल. म्हणून नीट सांगा. पडली, का ओढली?"

रईसाने मनकर्णाबाईंकडे बघितलं. मनकर्णाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मघाशी बाकावर एकीचं उघडं पडलं होतं. आता दुसरीची पाळी होती. आणि ही गप्प राहिली तर जाणार होता तो नाझोचा हात.

"सांग बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"ओढली," रईसा म्हणाली. "मीच. गोळेवाल्याजवळ रस्त्यात बसली, उठेना. मागून टेम्पो आला. हात धरून उचलली."

"टेम्पो आला तर उचलायलाच पाहिजे," डॉक्टर म्हणाला. त्याने एका हाताने नाझोचं कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट, तळवा वर फिरवला आणि हात दुमडला. नाझो किंचाळली. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डॉक्टर दुसऱ्याच्या केसपेपरवर लिहीत होता.

"दहा मिनिटं बाहेर बसा. हात वापरायला लागली की जा. परत मनगट धरून उचलू नका, काखेत धरा. चोळलंबिळलं नाही ना?"

"नाय," रईसा म्हणाली.

बाहेर बाकावर नाझो हुंदके देत बसली. मनकर्णाबाईंनी पिशवीतून उरलेलं बिस्कीट काढून डाव्या बाजूला धरलं. नाझोने बराच वेळ ते तसंच राहू दिलं. मग डावा हात आला, थोडा थांबला, आणि बिस्कीट घेऊन गेला.

परतीची रिक्षा छावणीत आली.

"मौसी, तुम्ही लाँड्रीत होतात?" रईसाने विचारलं.

"व्हय."

"मग आमच्या जखमा कशा बघायच्या?"

"जखमा मी कुठं बघते? कपडे बघते."

रईसाने यावर विचार केला. यात खोटं काही सापडेना, तसं ती म्हणाली, "मी ओढलं ते अम्मीला सांगू नका. ती मरेपर्यंत ऐकवंल. वहाब आले की पहिलं तेच सांगंल. आन् मी बी तुमचं सांगत नाय."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाल्या. सौदा सोपा होता. दोघींचं झाकलेलं राहणार होतं.

गल्लीत ओट्यावर हसीनाबी होत्या, सरूबाई होत्या, आणखी दोघीतिघी ऊन उतरायची वाट बघत बसल्या होत्या. नाझो रिक्षातून उतरून डाव्या हाताने आजीचं बोट धरायला गेली. हसीनाबींनी तो हात धरून उलटसुलट बघितला.

"निखळलं होतं जरा," रईसा म्हणाली. "डॉक्टरनं बसवलं."

"निखळलं?" हसीनाबी म्हणाल्या. "माझी चार पोरं पडली. छपरावरून पडली, बैलगाडीतून पडली. एकाचं निखळलं नै. रस्त्यावर पडून निखळतं?" रईसा खाली बघत होती. हसीनाबींनी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि त्यांना ज्याचा वास यायचा तो आला. सुनेला विचारून उपयोग नव्हता. त्या मनकर्णाबाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही होत्या ना आत. तुम्ही खोटं बोलत नै. डॉक्टर काय बोलला, कशानं झालं म्हणला?"

मनकर्णाबाईंना नुसतं 'पडूनच' म्हणायचं होतं. पण तो शब्द त्यांनी उच्चारला असता तर तो निकाल झाला असता, आणि त्यांचा निकाल हसीनाबी चार घरी जाऊन पडताळणार होत्या. ओढून निखळतं हे गल्लीत आज ना उद्या कोणाला तरी माहीत असणारच. गुडघे दुखत होते. दुपारची झोप गेली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की दोन ओझ्यांपैकी एक खाली ठेवलं तर दुसरं निदान कोणाला दिसणार नाही.

"मला डॉक्टरकीतलं काय कळतं, हसीनाबी," त्या म्हणाल्या. "मी लाँड्रीत होते."

"क्या?"

"लाँड्रीत. घाटीच्या. चादरी धुवायच्या विभागात."

"ड्रेसिंगला नै?"

"एक दिवस नाय."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं."

नाझोच्या हाताचं काय झालं, हे विचारायचं सगळ्याच विसरल्या. रईसा पोरीला घेऊन आत गेली. सरूबाई उभ्या राहिल्या. "अन् माझ्या सांडूचं कपाळ?"

"त्याचा कपडा बघितला मी. कपाळ नाय बघितलं."

सांडू आता चोवीस वर्षांचा होता आणि वाळूजच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेला होता. तरी सरूबाईंनी एकदा रस्त्याकडे बघितलं.

"म्हंजे आठरा वर्षं आम्ही धोबिणीला विचारून पोरं घरी ठिवली," हसीनाबी म्हणाल्या. त्यांना चिडायचं होतं, पण कशावर चिडावं ते चटकन सापडेना, कारण पोरं सगळी जिवंत होती आणि बरीचशी समोरच खेळत होती.

"कपडा कळतो मला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पोरगं कळत नाय." आणि त्या घरात जाऊन आडव्या झाल्या.

पुढे पंधरा दिवस कोणी आलं नाही. पाण्याच्या टाकीवर बायका त्यांना जागा देत, पण बोलणं आधी थांबवून. मनकर्णाबाई दुपारी दोन दोन तास झोपल्या. झोपून उठलं की जे बरं वाटायला हवं ते काही वाटेना. तीस वर्षांची झोप पंधरवड्यात भरून निघत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. कोणाचं पोरगं दारावरून किती वेळा गेलं, हे बघायचं कारण उरलं नव्हतं. त्या बघत मात्र होत्या.

आता सांगणारं कोणी नसल्यामुळे गल्ली प्रत्येक खरचटलेल्याला दवाखान्यात न्यायला लागली. पहिल्यांदा सरूबाईंची सून गेली, नातवाच्या हनुवटीला लागलं म्हणून. जाताना ती मनकर्णाबाईंच्या दाराशी थांबली.

"मावशी, येता का? तुमच्या वळखीची माणसं हायेत तिथं. कुठला कागद कुठं न्यायचा, तुम्हाला ठावं."

"लाँड्रीतली हायेत ती माणसं."

"मग काय झालं," सून म्हणाली. "चहा तर पाजतील."

हा मुद्दा बिनतोड होता. त्यानंतर भागूबाई, मग परत सरूबाईंची सून, मग मागच्या गल्लीतली एक आशाबाई, जिला मनकर्णाबाई ओळखतही नव्हत्या. हसीनाबींनी अडीच महिने अबोला धरला आणि पावसाळ्यात नाझोच्या टाचेत काच गेली तेव्हा स्वतः रिक्षा दारात आणून उभी केली. "बसा," एवढंच म्हणाल्या. पूर्वी महिन्यातून दोनदा उजेडात कपडा धरला की काम होत होतं; आता त्याच कामाला अर्धा दिवस आणि गुडघे लागत.

त्या दिवशी रांग मोठी होती. नाझो मनकर्णाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, पाय आजीच्या मांडीवर. टाचेला रुमाल बांधलेला होता आणि तो ओला होत होता. हसीनाबी त्याच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी कोपराने हळूच ढोसलं.

"टाका पडंल का ओ?"

मनकर्णाबाईंनी रुमालाकडे बघितलं नाही. "आत डॉक्टर हाय," त्या म्हणाल्या. "त्याला इचारा." आणि त्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.